फर्नलीचं पुढचं दार

खरं सांगायचं तर यशोवर्धन हे लिहून ठेवणारच नव्हता. त्याचं लिहिणं म्हणजे एखाद्या जुन्या बंगल्याचा फोटो आणि त्याखाली दहा-बारा ओळी. त्याही राजाजीनगरातल्या मामाच्या दुकानात, फ्लेक्स छापून बाहेर येईपर्यंत उभ्याउभ्या फोनवर टाइप केलेल्या. गिऱ्हाईक आलं की वाक्य तिथंच तुटायचं. फर्नलीची गोष्ट तेवढ्यात मावणारी नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे ती त्याच्या दोस्ताच्या घरातली होती, आणि दोस्ताच्या घरातलं सगळंच चारचौघांत मांडायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती.

तरी लिहिलं. का, ते शेवटी येईलच.

फर्नली हा लँगफोर्ड टाऊनमधला बंगला. राणीच्या राज्यात बांधलेला. उतरतं कौलारू छप्पर, छपराच्या कडेला लाकडी झालर, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोप्या. बेंगळुरात त्या टोप्यांना मंकी टॉप म्हणतात. यशोवर्धननं पहिल्या पोस्टमध्ये मोठ्या ऐटीत त्यांना भलतंच नाव दिलं होतं आणि लोकांनी कमेंटमध्ये त्याची सालटी काढली होती. तेव्हापासून तो विचारून लिहायला शिकला. बी.कॉम. मधेच सुटलेलं. घरांबद्दल जे काही कळत होतं ते फाटकाशी उभं राहून, वॉचमनशी गप्पा मारून आणि जुने नकाशे फोनवर मोठे करकरून बघून कळलेलं.

बंगल्याला समोर मोठा पोर्च होता, घोडागाडी थेट आत येईल असा. पोर्चच्या पायऱ्या चढलं की शिसवी दार. दोन फळ्यांचं, वर रंगीत काचांची कमान. आणि हे दार कायम बंद. घरची माणसं, पाहुणे, कुरियरवाला, गॅसवाला, सगळे बंगल्याला वळसा घालून मागच्या व्हरांड्यातून आत जायचे. पुढच्या दारातून फक्त मयत निघायची. घरातलं कोणी गेलं की दार उघडायचं, माणसाला तिथून न्यायचं आणि दार परत लावून टाकायचं. गल्लीत त्याला नावच पडलं होतं, साविन बागिलु. मरणाचं दार.

बंगला विनोदकुमारच्या घराण्याचा. विनोद आणि यशोवर्धन शाळेपासूनचे दोस्त. दोघांचीही घराणी मराठी, कधीकाळी इकडे आलेली, शिंपीकाम करत पेठेत स्थिरावलेली. विनोदच्या पणजोबांचं नाव नागोजी. त्यांनी मोठं नाव काढलं, फर्नली घेतली. यशोवर्धनच्या पणजोबांनी काही घेतलं नाही.

विनोदचं लग्न ठरलं आणि दाराचा प्रश्न उभा राहिला. मुलगी येलहंक्याची, अनुषा. तिची आई घर बघायला आली, आणि कोपऱ्यावरच्या फूलवालीकडे मोगरा घेता घेता तिला सगळं कळलं. तिनं घरी जाऊन निरोप धाडला. मुख्य दार मयतीचं असलेल्या घरात पोर द्यायची नाही. फ्लॅट घ्या, मग मुहूर्त काढू.

विनोदचे वडील, नरसिंगराव, अशाच एखाद्या निमित्ताची वाट बघत होते. एक बिल्डर कधीचा मागं लागला होता. पण बंगल्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, तुंगाबाईंचा, निम्मा हिस्सा होता आणि त्यांच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. तुंगाबाईंनी लग्न केलं नाही. सरकारी शाळेत शिवण शिकवून त्या रिटायर झाल्या. जन्म ह्याच घरातला. त्या एवढंच म्हणाल्या, “आयुधपूजा होऊ दे. त्या दिवशी सांगते.”

विनोदला अनुषाही हवी होती आणि फर्नलीही. म्हणून एका संध्याकाळी दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या एका कॉफीचे दोन भाग करून पिताना तो म्हणाला, “मगा, दोस्ता, तू एक झकास हिस्टरी लिही. घराची आणि मालकांची. इंग्रज, कर्नल, शिकार, डान्स, सगळं टाक. मोठी फ्रेम करून हॉलमध्ये लावू. अनुषाच्या आईला वाटलं पाहिजे की पोरगी राजवाड्यात चाललीय.”

“आणि दार?”

“दाराचं कशाला काढतोस आता? कॉफी पी.”

यशोवर्धन कामाला लागला. दुकानात, बसमध्ये, जेवताना. कर्नल हॅलमनं बंगला बांधला. त्याच्या बायकोला फर्नच्या कुंड्यांचं वेड, म्हणून नाव फर्नली. कर्नलचा एक घोडा होता, सुलतान नावाचा. मग बंगला जावयाकडे गेला, प्रिंगल नावाचा कॉफीमळेवाला. तो मेल्यावर त्याची बायको एकटी राहिली, आणि देश स्वतंत्र होताना ती विलायतेला निघून गेली. ‘तिच्याकडून हा बंगला नामांकित मिलिटरी कॉन्ट्रॅक्टर नागोजीराव ह्यांनी खरेदी केला.’ तिथं यशोवर्धननं पूर्णविराम दिला. फार खूश होता स्वतःवर.

लिहिलेलं आधी तुंगाबाईंना वाचून दाखवावं, असं दोघांचं ठरलं. विनोद ऐनवेळी ऑफिसात अडकला, म्हणून यशोवर्धन एकटाच गेला. त्या मागच्या व्हरांड्यात साडीला फॉल लावत बसल्या होत्या. त्यानं फोनवरून वाचलं. मधे आवाज चढवला, थांबला, भाव देऊन वाचलं. तुंगाबाईंची सुई काही थांबली नाही.

“झालं?”

“झालं, तुंगाक्का.”

“घोड्याचं नाव काय म्हणालास?”

“सुलतान.”

“छान आहे. आमच्या आजोबांचं नाव किती वेळा आलंय?”

“एकदा.”

“आणि घोड्याचं?”

यशोवर्धननं फोन वरखाली केला. “घोड्याचं… स्वल्प जास्त आलंय.”

“स्वल्प!” तुंगाबाईंनी दातानं दोरा तोडला. “आणि हे नामांकित कॉन्ट्रॅक्टर कोण? तुला कुणी सांगितलं?”

“विनोदनं.”

“त्याला त्याच्या बापानं. बापाला लाज वाटते. अरे, आजोबा शिंपी होते. तुझ्या पणजोबांसारखेच. तू बसलायस ना, तिथंच बसायचे.”

यशोवर्धननं खाली बघितलं. लाल फरशी होती, गुळगुळीत झालेली.

मग तुंगाबाईंनी सांगितलं ते असं. साहेबलोकांच्या घरी तेव्हा शिंपी घरी येऊन शिवायचा. कापड घरचं, मशीन त्याचं. नागोजी पेठेतून हातमशीन डोक्यावर घेऊन चालत यायचे आणि मागच्या व्हरांड्यात मांडी घालून बसायचे. मडम जुना फ्रॉक पुढ्यात टाकायची, अस्साच नवा शिव म्हणायची. ते तस्साच शिवायचे, जुन्या फ्रॉकला ठिगळ असेल तर नव्यालाही लावतील इतकं तंतोतंत, असं घरात चेष्टेनं म्हणायचे. वर्षानुवर्षं ते ह्या घरात आले, पण समोरचा हॉल त्यांनी बघितलाच नव्हता. मागची पायरी, मागचा व्हरांडा, परत मागची पायरी.

मग लढाई आली. खाकी कपड्यांचं काम निघालं. नागोजींनी पेठेतली शिंपीमंडळी गोळा केली आणि रात्रंदिवस गणवेश शिवले. त्यांचं बस्तान बसलं. प्रिंगलबाई निघाली तेव्हा तिनंच त्यांना बोलावलं. घर तूच घे म्हणाली. हॉलमध्ये खुर्ची मांडून वाट बघत बसली. नागोजी आले ते सवयीनं मागच्या व्हरांड्यात येऊन बसले. शेवटी बाईच उठून मागं आली आणि सौदा इथं झाला, मशीनशेजारी.

“घर त्यांचं झालं,” तुंगाबाई म्हणाल्या, “पण पुढच्या दारातून जायला पाय उचलेना. लाज म्हण, भीती म्हण. कुणी म्हटलं की म्हणायचे, बेडा रे, नको, इकडूनच बरं आहे. मग बायकापोरंही इकडूनच. मालकच मागून जातो म्हटल्यावर पुढून कोण जाणार?”

“मग मयतीचं?”

“ते माझ्यामुळं.” त्या हसल्या. “मी तिसरीत होते. आजोबा आजारी. एक दिवस माझा हात धरून हॉलमधून दाराशी आले. म्हणाले, उघड बघू. मी लोंबकळले कडीला, पण निघाली नाही. तर हसले आणि म्हणाले, राहू दे. मेल्यावर तरी मला इथून न्या म्हणावं. मी पळत जाऊन मोठ्यांना सांगितलं. ते गेले, तेव्हा त्यांना पुढून नेलं. मग आजी गेली, तर नवऱ्याला नेलं तिथूनच तिला. मग काका. दोन-तीनदा झालं की आपल्याकडे रीत होते, माहितीय ना तुला. आणि रीत झाली की तिची भीती होते.”

“ही रीत अशी पडली, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“किती वेळा सांगितलं! तिसरीतल्या पोरीचं कोण ऐकतंय? नंतर बिनलग्नाच्या बाईचं कोण ऐकतंय? तूच पहिला ऐकलास, तोही घोडं घेऊन आलास म्हणून.”

यशोवर्धन तिथून निघाला तो सरळ विनोदच्या ऑफिसखाली. त्याला वाटत होतं, सगळं सुटलं. दार अशुभ नाहीच. एका म्हाताऱ्या शिंप्याची राहून गेलेली इच्छा, बस्स. हे अनुषाच्या आईला सांगितलं की काम झालं. विनोद खाली आल्याआल्या त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं, हातवारे करकरून.

विनोद ऐकत होता. हेल्मेटचा पट्टा उघडत होता, लावत होता.

“भारी आहे ना?” यशोवर्धन म्हणाला.

“भारी आहे.”

“मग असा काय बघतोस?”

“माझी आई त्या दारातून गेली, यशो.” विनोदनं हेल्मेट गाडीवर ठेवलं. “मी कॉलेजात, पीयूसीला होतो. पुढं मी होतो, खांदा द्यायला. पायरीवर माझा पाय सटकला. कुणीतरी धरलं म्हणून, नाहीतर… तेव्हापासून मी पोर्चमध्ये गेलेलो नाही. पोर्चमध्ये. दार सोड. पाऊस असला तरी गाडी बाहेर भिजत ठेवतो, बघितलंस ना तू? तुला वाटायचं मी आळशी आहे.”

यशोवर्धनला खरंच तसं वाटायचं.

“अनुषाच्या आईला समजावशील तू,” विनोद म्हणाला. “मला कोण समजावणार?”

यशोवर्धननं गाडीला किक मारायची खूण केली आणि दोघं घरी गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, फर्नलीत माणसं जमली. दरवर्षी नागोजींचं हातमशीन मागच्या व्हरांड्यात मांडून पूजा व्हायची. शेजारी मोठी कात्री, गज, इस्त्री. विनोदच्या गाडीला केळीचे खांब बांधले होते, चाकाखाली लिंबं ठेवली होती. अनुषा आणि तिची आई येलहंक्याहून आल्या होत्या. आईनं मागच्या पायरीवर चपला काढल्या आणि पदर आवळून एका कडेला बसली, जशी डॉक्टरकडे बसावी.

पूजा सांगायला कोणी नव्हतं. तुंगाबाईच करायच्या. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, मशीनला हार घातला आणि नरसिंगरावांकडे वळल्या.

“तुला सही हवीय ना?”

नरसिंगराव गडबडले. “अक्का, आज कशाला? पाहुणे आहेत.”

“पाहुण्यांसाठीच तर चाललंय सगळं. देते सही. एकच काम कर. आजोबांचं हे मशीन पुढच्या दारातून आत आण. एकदा. मग विक नाहीतर पाड.”

“त्या दारातून? सणाच्या दिवशी?”

“का? तू मालक ना घराचा? मालकांनी पुढून यावं.”

अनुषाच्या आईनं तोंडाला पदर लावला. अनुषा मात्र सरसावून बसली. दारामागची गोष्ट तिला माहीत नव्हती. मग तुंगाबाईंनी सगळ्यांदेखत ती गोष्ट परत सांगितली, डोक्यावरचं मशीन, हॉलमधली रिकामी खुर्ची, कडीला लोंबकळणारी मुलगी. नरसिंगराव दोनदा “ते जाऊ दे ना” म्हणाले. शिंपी हा शब्द आला तेव्हा त्यांनी अनुषाच्या आईकडे चोरून बघितलं.

ती म्हणाली, “आमचे सासरेही शिवायचेच की. येलहंक्याला, एअरफोर्सवाल्यांचे कपडे.”

“मला कुणी सांगितलं नाही,” नरसिंगराव म्हणाले.

“तुम्ही कॉन्ट्रॅक्टर म्हणालात, मग आम्ही कशाला बोलतोय?”

अनुषा फस्सकन हसली. विनोद हसला नाही. तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला होता.

आधी दार उघडायला हवं होतं. यशोवर्धन आतून हॉलमध्ये गेला. कडी रंगात बसली होती, फळ्या फुगल्या होत्या. ढकललं, ओढलं, काही हलेना. तुंगाबाईंनी शिवणमशीनच्या तेलाची लांब नळीची डबी आणून दिली. त्यानं कडीवर, बिजागऱ्यांवर तेल सोडलं आणि खालून कात्रीच्या मुठीनं ठोकलं. कडी एकदम निघाली, आणि दार असं करकरत उघडलं की पोर्चमधली कबुतरं उडाली.

मशीन उचलून सगळी वरात बंगल्याला वळसा घालून समोर आली. यशोवर्धननं एका बाजूनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं नरसिंगरावांनी. पोर्चच्या पायऱ्यांशी आल्यावर नरसिंगराव थांबले. मशीन खाली ठेवलं. कपाळ पुसलं.

“विनोद, तू धर रे. माझी कंबर…”

विनोद फाटकाजवळ होता. तो पोर्चकडे बघत होता आणि पुढं येत नव्हता. अनुषाच्या आईनं नरसिंगरावांकडे बघितलं, मग विनोदकडे. तिला काय ते समजलं असावं.

अनुषा पुढं आली. तिनं ओढणी कमरेला खोचली. “मी धरते. काय एवढं त्यात? सरका.”

“थांब,” विनोद म्हणाला.

तो आला. पोर्चमध्ये आला, खाली वाकला, मशीनची दुसरी बाजू धरली. यशोवर्धनला त्याचे हात दिसत होते, बोटं पांढरी पडली होती.

“हळू,” यशोवर्धन पुटपुटला. “मी आहे इकडून.”

“पायरी सांग.”

“आली. अजून एक. आता उंबरा.”

“बस्स?”

“बस्स. आलो आत.”

त्यांनी मशीन हॉलच्या मधोमध ठेवलं. यशोवर्धननं इकडेतिकडे बघितलं. ह्या हॉलमध्ये तो लहानपणापासून बसत आला होता, पण ह्या बाजूनं तो वेगळाच दिसत होता. सोफ्याची पाठ दाराकडे, टीव्हीची पाठ दाराकडे, शोकेसची पाठ दाराकडे. एवढी वर्षं सगळं घर दाराकडे पाठ करून बसलं होतं.

तुंगाबाई उंबऱ्यात क्षणभर थांबल्या आणि आत आल्या. मागून अनुषा. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या बाजूनं नरसिंगराव हॉलमध्ये आले आणि त्यांच्यामागून अनुषाची आई. दोघंही वळसा घालून मागून आले होते.

“अय्यो!” तुंगाबाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, दार उघडलंय!”

“चपला मागं होत्या,” नरसिंगराव म्हणाले. सगळे हसले, शेवटी तेही.

मंडक्कीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या, पुड्या वाटल्या गेल्या. अनुषाची आई सोफ्याच्या टोकावर बसली. थोड्या वेळानं मागं सरकून बसली. नरसिंगरावांनी पंखा लावायला हात वर केला, तर ती म्हणाली, “राहू दे हो, दारातून वारा येतोय की.” मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं मंडक्कीचा मोठा घास तोंडात टाकला.

“आण कागद,” तुंगाबाई नरसिंगरावांना म्हणाल्या. “कुठं करू सही?”

नरसिंगराव मशीनकडे बघत होते. “राहू दे, अक्का. आज राहू दे.”

“सरी, बरं. जशी तुझी मर्जी.”

बंगला वाचला असं काही त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. बिल्डरचा फोन आला तेव्हा नरसिंगरावांनी लग्नानंतर बघू म्हणून सांगितलं, एवढंच. पण लग्नानंतर म्हणाले. अनुषाच्या आईसमोर म्हणाले, आणि तिनं मान हलवली.

पाहुणे गेल्यावर दोघं दोस्त पोर्चच्या पायरीवर बसले. विनोदनं गाडी पोर्चमध्ये आणून लावली होती, केळीच्या खांबांसकट. तो यशोवर्धनच्या फोनवर ती हिस्टरी वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं मजकूर परत वर सरकवला, परत खाली आणला.

“ह्यात आई नाहीये.”

“मालकांचं लिहिलंय ना. कागदावर…”

“कागदावर तुंगाआत्याचं नाव आहे. तीही नाहीये ह्यात. घोडा आहे.”

बरोबर होतं ते.

“आई लग्न होऊन आली तीही मागूनच,” विनोद म्हणाला. “ह्या मशीनवर ती गल्लीतल्या पोरींचे परकर शिवायची, उरलेल्या कापडाचे. दुपारी व्हरांड्यात पोरींची रांग असायची. अजून एखादी भेटते, म्हणते, जमनाअक्कांनी शिवलेला परकर माझ्याकडे आहे. ती ह्या दारातून गेली, एवढंच नको लिहू. ते सगळ्यांनाच माहितीय.”

“परकरांचं लिहू?”

“परकरांचं लिही. रांगेचं लिही. ती गाणं म्हणत शिवायची आणि चुकलं की मशीनलाच शिव्या द्यायची, तेही लिही.”

“माझ्या दहा ओळींत नाही मावणार हे.”

“मग मोठं लिही ना, भाड्या. कुणी अडवलंय?”

“लिहितो,” यशोवर्धन म्हणाला. “पोस्ट नाही. नीट, कागदावर. नागोजी, तुंगाक्का, जमनाअक्का, सगळे येतील. मागच्या दारानं आलेले आधी येतील आणि कर्नल मागून येईल. तुमचं लग्न होऊन तुम्ही दोघं ह्या दारातून आत याल ना, तेव्हा ते हॉलमध्ये लावलेलं असेल. आणि सगळ्यात आधी तू वाचशील, मगा. तुझ्याआधी कुणाला दाखवणार नाही.”